नावडतीचं मीठ: अमेरिकेत समाजवादी उमेदवार निवडून येऊ शकतो का?

जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कमधला एक तरुण आमदार एका प्रचाराच्या व्हिडिओसाठी फुटपाथवरच्या हातगाडीवाल्यांना एकच प्रश्न विचारत फिरत होता. तुमचा चिकन-भात दहा डॉलरवर कसा गेला? गाडीवाल्यांचं उत्तर महागाईबद्दल कमी आणि परवान्याबद्दल जास्त होतं. शहराने द्यायच्या परवान्याची अधिकृत फी काही शे डॉलर. पण परवान्यांची संख्या तेव्हा बांधलेली, त्यामुळे ज्याच्याकडे जुना परवाना होता तो स्वतः गाडी न लावता परवानाच भाड्याने द्यायचा. वर्षाला वीस-बावीस हजार डॉलरपर्यंत. आमदाराने पुढे विचारलं, हा परवाना तुम्हाला थेट शहराकडून मिळाला तर भात कितीला विकाल? आठ डॉलरला, गाडीवाले म्हणाले.

हा आमदार म्हणजे झोहरान ममदानी. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर आणि प्राध्यापक महमूद ममदानी यांचा मुलगा, जन्म युगांडातल्या कंपालाचा. महापौरपदाच्या शर्यतीत तेव्हा जनमत चाचण्यांमध्ये त्याला जेमतेम एक टक्का होता. तो स्वतःला उघडपणे डेमोक्रॅटिक सोशालिस्ट म्हणवतो. ४ नोव्हेंबर २०२५ ला दहा लाखांहून जास्त मतं घेऊन तो निवडून आला.

मला त्या व्हिडिओतली गंमत वेगळीच वाटली. आपल्याकडे परमिट हा शब्द समाजवादाच्या नावाने शिव्या देताना वापरायचा. तिथे समाजवादी उमेदवारच परमिटाचा काळाबाजार मोडू म्हणतो आणि त्यावर मतं मागतो. म्हणजे आधी त्या शब्दाचाच घोळ निस्तरायला हवा.

मराठी कानाला समाजवादी म्हटलं की साने गुरुजी, एस. एम. जोशी, नाथ पै, मधु दंडवते आठवतात. खादीचा झब्बा, सेवादलाची गाणी. फार तर माणूस साधा आणि थोडा हट्टी असेल, भीतीदायक नक्कीच नाही. अमेरिकेत हाच शब्द शिवीसारखा वापरला जातो. गॅलप ही संस्था अनेक दशकं एक प्रश्न विचारत आली आहे: तुमच्या पक्षाने लायक उमेदवार दिला, पण तो अमुक असला, तर मत द्याल का? जानेवारी २०२० च्या पाहणीत मुस्लिम उमेदवाराला मत देऊ म्हणणारे ६६ टक्के होते, नास्तिकाला ६० टक्के. समाजवाद्याला ४५. यादीत सगळ्यात खाली तोच. पण हा आकडा फोडून बघितला की चित्र पालटतं. डेमोक्रॅट मतदारांत तयारी ७६ टक्क्यांची, रिपब्लिकनांत १७ टक्क्यांची, आणि ज्यांच्यावर निवडणुका ठरतात त्या अपक्ष मनाच्या मतदारांत ४५ टक्क्यांची.

बरं, समाजवाद म्हणजे काय हे त्या मतदारांना विचारलं तर उत्तरं एका जागी राहत नाहीत. १९४९ मध्ये ३४ टक्के अमेरिकन म्हणत होते की समाजवाद म्हणजे कारखाने आणि धंदे सरकारच्या मालकीचे असणं. २०१८ मध्ये असं म्हणणारे निम्म्यावर, १७ टक्क्यांवर आले. बाकीच्यांसाठी त्याचा अर्थ समानता, फुकट दवाखाना, नाहीतर नुसतंच काहीतरी वाईट. बर्नी सँडर्स किंवा ममदानी ज्याला डेमोक्रॅटिक सोशालिझम म्हणतात त्यात कारखाने ताब्यात घेणं नाही. सरकारी आरोग्य विमा, श्रीमंतांवर जास्त कर, किमान वेतन, भाडेवाढीला लगाम, पाळणाघरं असा तो कार्यक्रम. स्वीडन किंवा डेन्मार्कमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टींवर उजव्या पक्षाचा माणूसही नाक मुरडणार नाही.

अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये सिरॅक्यूजच्या भाषणात या शब्दाची नस बरोबर पकडली होती. गेल्या वीस वर्षांत लोकांनी जी जी प्रगती केली तिच्यावर भेवडवायला हाच शब्द फेकला गेला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. सरकारी वीज म्हणजे समाजवाद, म्हातारपणचं पेन्शन म्हणजे समाजवाद, शेतमालाचा आधारभाव म्हणजे समाजवाद. पुढे १९६१ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने रोनाल्ड रेगन या नटाच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली. वृद्धांसाठी सरकारी आरोग्य विमा आला तर समाजवाद मागच्या दाराने घरात शिरेल, असा तिचा सूर. तो विमा १९६५ मध्ये आलाच. मेडिकेअर. आज त्याला हात लावायची हिंमत रिपब्लिकन पक्षातही उघडपणे कोणी करत नाही. २००९ मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यावरून गावोगाव सभा गाजत होत्या, तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत एक गृहस्थ आपल्या खासदारावर तडकले: सरकारला सांगा, माझ्या मेडिकेअरपासून हात लांब ठेव. मेडिकेअर सरकारचंच आहे हे खासदाराने समजावून पाहिलं. गृहस्थांना ते पटलं नाही.

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते हे. मीठ तेच असतं, कोणी वाढलं त्यावर चव ठरते.

आणि आवडतीने वाढलं तर? नॉर्थ डकोटा हे राज्य बघा. रिपब्लिकन उमेदवाराने तिथे प्रचाराला पाऊल न ठेवताही जिंकावं असं. तिथे १९१९ पासून राज्य सरकारच्या मालकीची बँक आहे आणि १९२२ पासून राज्याच्याच मालकीची पिठाची गिरणी आणि धान्याचं कोठार. एका माजी समाजवादी कार्यकर्त्याने गव्हाच्या शेतकऱ्यांना रेल्वे आणि अडत्यांविरुद्ध उभं केलं, त्या चळवळीची ही कमाई. शेजारच्या टापूतल्या नेब्रास्कात घरोघरी जाणारी वीज सार्वजनिक मालकीची आहे. अलास्का तर १९८२ पासून तेलाच्या पैशातून प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी लाभांशाचा चेक देतं. या तीन राज्यांतल्या कुणालाही समाजवादी म्हणून बघा, आणि मग पळायची तयारी ठेवा.

समाजवाद अमेरिकेच्या मातीत रुजणारच नाही, असं छातीठोक सांगणारे इतिहास विसरतात. युजीन डेब्ज हा इंडियानाचा रेल्वे कामगार नेता पाच वेळा अध्यक्षपदासाठी उभा राहिला. १९१२ मध्ये त्याला नऊ लाखांवर, म्हणजे सुमारे सहा टक्के मतं पडली. आज कट्टर उजव्या समजल्या जाणाऱ्या ओक्लाहोमात तर सोळा टक्क्यांवर. पहिल्या महायुद्धाविरुद्ध ओहायोतल्या कँटन गावी १९१८ मध्ये भाषण केलं म्हणून त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२० ची निवडणूक त्याने अटलांटाच्या तुरुंगातून लढवली. प्रचाराच्या बिल्ल्यावर कैदी नंबर ९६५३ छापलेला. तरीही पुन्हा नऊ लाखांवर मतं. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेने रीतसर निवडून आलेल्या पाच समाजवादी आमदारांना सभागृहाबाहेर काढलं. राज्याच्या राजधानीतलं, ऑल्बनीतलं हे तेच सभागृह, जिथे शंभर वर्षांनी क्वीन्सचा आमदार म्हणून ममदानी निवडून गेला.

विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकी शहराची गोष्ट मला जास्त आवडते. १९१० ते १९६० या पन्नास वर्षांत तिथे तीन समाजवादी महापौर झाले. त्यातला डॅनियल होन १९१६ ते १९४० अशी सलग चोवीस वर्षं टिकला. हे लोक क्रांतीवर भाषणं देण्यापेक्षा गटारं, नळ, बागा आणि शहराचा हिशेब यांत रमायचे. त्यांच्याच पक्षातल्या तत्त्वनिष्ठ मंडळींनी त्यांना गटारी समाजवादी म्हणून हिणवलं. त्यांनी ते नाव बिल्ल्यासारखं मिरवलं. मतदार जर्मन वस्तीतले कामगार आणि छोटे दुकानदार. त्यांना मार्क्सशी देणंघेणं नव्हतं, पण कंत्राटात पैसे न खाणारी नगरपालिका हवी होती.

याच विस्कॉन्सिनमध्ये १९२० च्या दशकात एक बिहारी विद्यार्थी शिकायला आला आणि मॅडिसनच्या विद्यापीठात मार्क्सवादी होऊन बसला. नाव जयप्रकाश नारायण. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी यांच्यासोबत ज्या काँग्रेस समाजवादी पक्षाची आखणी झाली, तिच्यामागे ही अमेरिकन शिदोरीही होती. आपल्या समाजवादाचं एक पाळणाघर अमेरिकेत होतं, हे इकडचे आणि तिकडचे दोघेही विसरले.

मग तिथला पक्ष गेला कुठे? काही सरकारी दडपशाहीत गेला, काही रशियावरून झालेल्या फाटाफुटीत. उरलेली हवा फ्रँकलिन रूझवेल्टने काढून घेतली. पेन्शन, बेकारभत्ता, युनियनचा हक्क हे सगळं त्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या पाटीखाली दिलं, तेव्हा लोकांना मूळ दुकानात जायचं कारण उरलं नाही. शीतयुद्ध आल्यावर तर त्या पाटीकडे बघायचीही चोरी झाली.

आता यंत्रणेकडे येऊ, कारण माझ्या मते निम्मं उत्तर विचारसरणीत नाही, तिथेच आहे.

अमेरिकेत तिसरा पक्ष जवळजवळ जगूच शकत नाही. ज्याला जास्त मतं तो जिंकला, बाकीची मतं वाया, हे आपल्यासारखंच. पण आपल्याकडे निदान एखाद्या पट्ट्यात जोर धरून चार खासदार आणता येतात आणि आघाडीत भाव खाता येतो. तिथे अध्यक्ष राज्याराज्यांतून निवडला जातो: एकूण ५३८ प्रतिनिधी, जिंकायला २७०, आणि मेन व नेब्रास्का सोडले तर राज्यात एका मताने पुढे असलेल्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. मात्र एक फट आहे. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिकीट न मिळालेला गडी रात्रीत दुसऱ्या पक्षात जातो, हे आपण दर निवडणुकीत बघतो. तिथे तिकीट कोणाला हे पक्षाचे साधे मतदार प्रायमरी नावाच्या पूर्वनिवडणुकीत ठरवतात. श्रेष्ठींना तुम्ही कितीही नकोसे असा, प्रायमरी जिंकली की पक्षाचं चिन्ह तुमचं. म्हणून आजचे समाजवादी वेगळी चूल मांडत नाहीत. डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओसरीवरून माजघरात शिरतात. २०१८ मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने दहा वेळा निवडून आलेल्या, पक्षातल्या बड्या नेत्याला असंच घरी बसवलं.

या फटीतून सगळ्यात मोठा प्रयत्न केला तो बर्नी सँडर्सने. ब्रुकलिनमध्ये जन्म. १९८१ मध्ये व्हरमाँटच्या बर्लिंग्टन शहराचा महापौर झाला तो अवघ्या दहा मतांनी. २०१६ च्या प्रायमरीत हिलरी क्लिंटनसमोर हा पिकल्या केसांचा, भांडल्यासारखा बोलणारा म्हातारा उभा राहिला तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी त्याला सुमारे १ कोटी ३२ लाख मतं पडली. सरासरी देणगी २७ डॉलर, हा आकडाच त्याचा नारा झाला. खाणकामगारांच्या वेस्ट व्हर्जिनियात त्याने सगळ्याच्या सगळ्या काउंट्या, म्हणजे जिल्हे, घेतल्या. समाजवादी हा उच्चारायचीही चोरी असलेला शब्द कपाळावर लावून!

पण इथे थोडं थांबावं. २०२० ला तो पुन्हा उभा राहिला. न्यू हॅम्पशायर जिंकलं, नेवाडात लॅटिनो मतदारांनी उचलून धरलं, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तोच उमेदवार होणार असं दिसत होतं. मग साउथ कॅरोलायना आलं. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय. वयस्कर, चर्चला जाणारे, आणि मताच्या हक्कासाठी मार खाल्लेल्या पिढीतले कितीतरी. त्यांचे खासदार जिम क्लायबर्न सँडर्सचे प्रतिस्पर्धी जो बायडन यांच्याबद्दल म्हणाले, आम्ही जोला ओळखतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जो आम्हाला ओळखतो. बायडनना जवळपास ४९ टक्के मतं, सँडर्सना २०. दोन दिवसांत मधले दोन उमेदवार माघार घेऊन बायडनमागे उभे राहिले आणि खेळ संपला. २०१६ मध्ये सँडर्सने निसटतं का होईना जिंकलेलं मिशिगन २०२० मध्ये त्याच्या हातून असं गेलं की ८३ पैकी एकही काउंटी राहिली नाही.

याचा अर्थ मी दोन प्रकारे लावतो. एक, २०१६ ची बरीच मतं समाजवादाला नव्हतीच, ती हिलरीविरुद्ध होती. दोन, आणि हे जास्त बोचणारं: ज्या गरीब कृष्णवर्णीय मतदारांना या कार्यक्रमाचा सगळ्यात जास्त फायदा, त्यांनीच पाठ फिरवली. ते उजवे म्हणून नाही. सरकार उलटलं की त्याचे चटके आधी कोणाला बसतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांना नोव्हेंबरात ट्रंपला हरवू शकेल असा माणूस हवा होता, आणि गोरा मतदार समाजवाद्याला मत देईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या मनातला नाही, दुसऱ्याच्या मनातला पूर्वग्रह ओळखून दिलेलं हे मत होतं. जनमत चाचण्यांतल्या त्या ४५ टक्क्यांचा खरा मार असा, एक उडी आधीच बसतो.

फ्लोरिडात शब्दाला आणखी एक धार आहे. मायामीतले क्यूबन आणि व्हेनेझुएलन घरं-दारं सोडून पळून आले ते ज्यांच्यापासून, ते स्वतःला समाजवादीच म्हणवत. सँडर्सने फेब्रुवारी २०२० मध्ये कॅस्ट्रोच्या साक्षरता मोहिमेबद्दल एक बरं वाक्य टीव्हीवर काढलं आणि तिथल्या डेमोक्रॅट नेत्यांनी कपाळाला हात लावला. उमेदवार शेवटी सँडर्स नव्हता, बायडन होते, तरी मायामी-डेड काउंटीत २०१६ ची जवळपास तीस टक्क्यांची आघाडी सातवर आली. आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर फ्लोरिडाने किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलर करायच्या प्रस्तावाला जवळपास ६१ टक्के मतं दिली. ट्रंपना राज्यात ५१ टक्के होती. एकाच शाईने दोन्हीवर खूण करणारे लाखो लोक असल्याशिवाय हे गणित सुटत नाही. मिझुरी, ओक्लाहोमा, आयडाहो, साउथ डकोटा या रिपब्लिकन राज्यांनीही गरिबांचा सरकारी आरोग्य विमा थेट मतदानाने वाढवून घेतला आहे.

एवढं वाचून, फक्त नाव बदला आणि जिंका, असं वाटेल. डाव्या मंडळींचा हा लाडका युक्तिवाद आहे आणि मला तो अर्धाच पटतो. कारण मिठाची किंमत विचारल्यावरही तोंड वाकडं होतं. सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा हवा का, असं कैझर फॅमिली फाउंडेशनने जानेवारी २०१९ मध्ये विचारलं तेव्हा ५६ टक्के हो म्हणाले. त्यासाठी खासगी विमा कंपन्या बंद होतील किंवा बहुतेकांचा कर वाढेल, हे सांगताच होकार ३७ वर आला. पंधरा कोटींवर अमेरिकनांचा विमा नोकरीतून येतो. तो महाग असो, किचकट असो, हातातला आहे. सँडर्सच्या स्वतःच्या व्हरमाँटने २०११ मध्ये राज्यापुरता असा सरकारी विमा आणायचा कायदाही केला होता. डिसेंबर २०१४ मध्ये हिशेब समोर आला: मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के नवा कर, शिवाय लोकांवर ९.५ टक्क्यांपर्यंत. गव्हर्नर डेमोक्रॅट, योजना त्याचीच, तरी त्याने गाशा गुंडाळला. यात कोणाला भेवडवणारा शब्द वापरावाच लागला नाही.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो, पंचवीस वर्षं झाली. ममदानी जिंकल्यावर त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे, समाजवाद आपण रॉकेलच्या रांगेत बघून आलोय, मला नको सांगूस." त्याचं मत त्याच दिवशी गव्हर्नरपदाच्या मिकी शेरिल या मध्यममार्गी डेमोक्रॅट बाईंना गेलं. मग पाच मिनिटं तो कंपनीने विम्याचा हप्ता कसा वाढवला यावर बोलत होता. मी जोडून काही विचारलं नाही. मोठा भाऊ आहे.

मराठी माणसाला जवळची दोन उदाहरणं या गोष्टीत आहेत, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या, मुंबईत वाढल्या. माहेर तमिळ, आडनाव लग्नानंतरचं. २०१३ मध्ये त्या सिएटलच्या नगर परिषदेवर निवडून आल्या त्या उघड मार्क्सवादी म्हणून, डेमोक्रॅटिक पक्षाची ओसरीही न वापरता. तिथे नगरपालिकेच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, हे त्यांच्या पथ्यावर पडलं. मागणी एकच, तासाला १५ डॉलर. २०१४ मध्ये शहराने तो कायदा केला. २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने त्या निवडणुकीत पंधरा लाख डॉलर ओतले, तरी त्या टिकल्या. २०२१ मध्ये त्यांना परत बोलवायचं मतदान झालं, त्यात तीनशेच्या आसपास मतांनी वाचल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्याच ठरावाने सिएटल हे जातीवरून भेदभावाला बंदी घालणारं पहिलं अमेरिकी शहर झालं. दुसरे श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले, रसायनांच्या धंद्यात पैसा केलेले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी सँडर्सच्या वळणाची भाषा बोलत त्यांनी स्वतःचे बक्कळ डॉलर खर्च केले आणि तिसरे आले. पुढे डेट्रॉइटमधून खासदार झाले, डेमोक्रॅटिक सोशालिस्टांच्या संघटनेचं सभासदत्वही होतं, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलच्या प्रश्नावरून सोडून दिलं. ज्याला ते नाव अंगावरच्या कपड्यासारखं काढता आलं त्याला मतदारही तसंच धरतो, असं मला वाटतं.

प्रायमरी जिंकली म्हणजे झालं, असंही नाही. २०२१ मध्ये बफेलो शहरात इंडिया वॉल्टन या समाजवादी परिचारिकेने चार वेळच्या महापौराला प्रायमरीत पाडलं. मतपत्रिकेवर डेमोक्रॅट म्हणून तिचंच नाव. हरलेल्या महापौराने नोव्हेंबरात मतदारांना सांगितलं, माझं नाव छापलेलं नसलं तरी कोऱ्या जागेत लिहा. स्पेलिंगची चूक नको म्हणून त्याच्या लोकांनी नावाचे रबरी शिक्केच वाटले. तो शिक्क्यावर निवडून आला. रिपब्लिकन मतदार, धंदेवाले, घाबरलेले डेमोक्रॅट सगळे एक झाले की काय होतं ते असं.

न्यूयॉर्कात माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांनी हाच डाव टाकला. प्रायमरीत हरल्यावर अपक्ष उभे राहिले, मागे अब्जाधीशांचा पैसा. तरी जमलं नाही, आणि त्याची कारणं न्यूयॉर्कचीच आहेत. तिथे रहिवाशाच्या छोट्या देणगीवर शहर आठपट भर घालतं, म्हणून गरीब उमेदवाराचाही प्रचार उभा राहतो. प्रायमरीत पसंतीक्रमाने मत देता येतं. ममदानीने ते हिंदीतल्या एका व्हिडिओत लस्सीच्या ग्लासांनी समजावलं होतं. समोर लैंगिक छळाच्या आरोपांवरून गव्हर्नरपद सोडलेला माणूस. दहा लाखांच्या आसपास घरं भाडे-नियंत्रणाखाली, आणि भाडं गोठवू हे आश्वासन त्या प्रत्येक घराला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मतदान वीस लाखांवर गेलं, १९६९ नंतर पहिल्यांदा. पण त्याला मतं मिळाली पन्नास टक्क्यांच्या जराशी वर, तीही डेमोक्रॅटांच्या या गडात. त्याच दिवशी व्हर्जिनियात अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नर झाल्या, ज्यांनी २०२० च्या निकालानंतर सहकाऱ्यांना बजावलं होतं की समाजवादी हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नका. त्यांची आघाडी ममदानीपेक्षा मोठी होती. आणि मिनियापोलिसमध्ये ओमर फतेह हा समाजवादी उमेदवार हरला.

देशाच्या गणितात न्यूयॉर्कच्या वाढीव दहा लाख मतांना शून्य किंमत आहे. विस्कॉन्सिन २०२० मध्ये सुमारे वीस हजार मतांनी एका बाजूला पडलं, २०२४ मध्ये सुमारे एकोणतीस हजारांनी दुसऱ्या. तिथे ४५ टक्क्यांचा तो मधला मतदार बसलाय. म्हणून माझं मत विचाराल तर: शहर, हो. डेमोक्रॅटांचा मतदारसंघ, आजच होतंय. सेनेट, व्हरमाँटसारख्या ठिकाणी, जिथे माणूस चाळीस वर्षं दारोदार फिरलाय. अध्यक्षपद, तो शब्द पाटीवर ठेवून, येत्या एक-दोन निवडणुकांत मला दिसत नाही. नेब्रास्कात २०२४ मध्ये डॅन ऑस्बर्न या संप गाजवलेल्या मेकॅनिकने सेनेटसाठी अपक्ष उभं राहून कंपन्यांविरुद्ध जवळपास तीच भाषा केली, फक्त तो शब्द आणि डेमोक्रॅटिक पक्ष दोन्ही टाळून. हरला तो सातेक टक्क्यांनी, जिथे कमला हॅरिस वीस टक्क्यांनी हरल्या.

ममदानी स्वतः तर अध्यक्षपदाला उभाच राहू शकत नाही. जन्म परदेशातला, घटना आड येते. त्याच्या विजयाच्या भाषणात सुरुवातीला डेब्ज होता आणि पुढे नेहरू. पण न्यूयॉर्ककर त्याला आता भाषणावर जोखणार नाहीत. भाडं ठरवणाऱ्या मंडळाचे नऊ सभासद महापौर नेमतो, ते त्याच्या हातात आहे. श्रीमंतांवरचा आयकर मात्र राज्याच्या विधिमंडळाकडे, आणि बस राज्याच्या ताब्यातल्या वाहतूक प्राधिकरणाकडे. आमदार असताना त्याने खटपट करून पाच बसमार्ग, शहराच्या प्रत्येक विभागात एक, फुकट करून दाखवले होते. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४, जवळपास वर्षभर. नंतर ऑल्बनीने पैसे पुढे चालू ठेवले नाहीत आणि त्या पाच मार्गांवर पुन्हा भाडं घ्यायला सुरुवात झाली. सध्या ते ३ डॉलर आहे.